परीक्षेच्या खोलीतलं दही

बुधवार, १८ जून २०२५. जॉन्सनव्हिल. सकाळपासून दक्षिणेचा गार वारा, पाऊस तिरपा. सुमेध ७.४० च्या ट्रेनने ऑफिसला. गार्गी शाळेत. प्रणिताचा औषधांचा पेपर घरूनच, मधल्या खोलीत, दहा ते बारा. १०.२२ ला मी दार उघडून आत गेले. तिच्या हातावर दहीसाखर घातली. मी म्हणाले, "दही घे. शून्य नीट बघ." १०.२५ ला परीक्षा थांबवली गेली. दुपारी वरणभात केला, कुणी नीट जेवलं नाही.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. जे घडलं ते त्याच दिवशी लिहायचं, आठवून दुसऱ्या दिवशी नाही, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलंच तर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. ही सवय मला पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी लावली. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आता शहात्तर पूर्ण आहेत. इतक्या वर्षांत डायरीचं एकही पान मी फाडलेलं नाही. या पानाजवळ मात्र माझा हात दोनदा गेला.

सुमेध माझा मुलगा, गार्गी नात, प्रणिता माझी सून. मूळची तासगावकडची, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दहावी-बारावी मराठीतून, मग सांगलीला दोन वर्षांचा एएनएमचा, म्हणजे सहायक नर्सचा, कोर्स. पुण्यात ती एका नर्सिंग ब्युरोतून आमच्या घरी आली ती ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात. ह्यांना अर्धांगवायू झाला होता. आठ महिने ती रोज सकाळी आठला यायची, संध्याकाळी आठला जायची. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. ह्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि वेळ एका शाळकरी वहीत लिहून ठेवायची. ह्यांच्या पाठीला शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही. हे गेले, आणि दोन वर्षांनी सुमेधने सांगितलं की त्याला तिच्याशीच लग्न करायचं आहे.

मी तेव्हा काय बोलले ते इथे लिहिलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याला धरून आहे. मी फोनवर बहिणीला म्हणाले, "नर्स असती तरी चाललं असतं गं, पण ही पुरती नर्ससुद्धा नाही." प्रणिता त्या वेळी स्वयंपाकघरात चहा करत होती. तिने ऐकलं की नाही हे मला चौदा वर्षं ठाऊक नव्हतं. तिने कधी दाखवलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

न्यूझीलंडला, वेलिंग्टनच्या या उपनगरात आल्यावर ती आधी एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली. मग दीड वर्षाचा डिप्लोमा करून एनरोल्ड नर्स झाली. इकडे एनरोल्ड नर्सला रजिस्टर्ड नर्सच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. पेशंटची तब्येत बिघडली तर पाहणी हिने करायची आणि निर्णय दुसरीने घ्यायचा. वर्षानुवर्षं त्याच म्हाताऱ्यांना ओळखणाऱ्या हिने, काल कामाला लागलेल्या एखाद्या पोरीला बोलवायला जायचं. त्याबद्दल ती कुरकुर करत नसे. फक्त एकदा म्हणाली, "आई, मिसेस हॅरिसचा श्वास मला दारातूनच वेगळा वाटला होता." त्या बाई वाचल्या, पण त्याच आठवड्यात प्रणिताने रजिस्टर्ड नर्सच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म भरला.

तो घरून करायचा अभ्यासक्रम होता. संस्था दक्षिण बेटावर, व्याख्यानं कॉम्प्युटरवर, प्रात्यक्षिकं वेलिंग्टनच्या इस्पितळात, आणि यात तिची नोकरी चालूच. सकाळची पाळी संपवून ती दोनला घरी यायची. सव्वातीनला गार्गीला शाळेतून आणायचं. मधला सव्वा तास स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्हा दोघींचा. तिचं इंग्रजी कच्चं होतं, माझं पक्कं. पण मला वैद्यकातलं काही कळत नव्हतं. मी तिला उतारे सांगायची, ती लिहायची. मी प्रश्न मोठ्याने वाचायची आणि विचारायची, "आता नेमकं काय मागितलंय?" पहिले सहा महिने ती मला प्रत्येक वाक्यामागे "सॉरी हं आई" म्हणायची. मग एक दिवस मी एका औषधाचं नाव चुकीचं उच्चारलं, तेव्हा हसून म्हणाली, "सॉरी म्हणा." तिथून आमचं जमलं.

हिशोबात तिची एकच खोड होती. अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर ती नुसतं टिंब देऊन पाच लिहायची. नर्सेसचा नियम असा की टिंबाआधी शून्य लिहायचंच, कारण टिंब पुसट झालं तर अर्ध्याचे पाच होतात आणि माणसाला दसपट औषध जातं. तिला नियम पाठ होता. घाईत हात विसरायचा. म्हणून प्रत्येक गणिताला मी म्हणायची, "शून्य नीट बघ." इतक्या वेळा म्हटलं की गार्गी वाटीत आमटी वाढून घेतानाही मला चिडवायची, "शून्य बघ, आजी."

औषधांचा पेपर हा शेवटचा लेखी पेपर. त्यात हिशोबाचं एकही उत्तर चुकलं तर नापास. तो सुटला की जुलैत नोंदणीची सरकारी परीक्षा, आणि तिच्या वृद्धाश्रमाने तिच्यासाठी रजिस्टर्ड नर्सची जागा राखून ठेवली होती.

परीक्षा घरूनच असल्याने नियम कडक होते. कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्यातून दुसऱ्या गावातला पर्यवेक्षक बघत, ऐकत असणार. आदल्या दिवशी तिने मला सगळं समजावलं होतं. दार बंद, खोलीत दुसरं माणूस नको. सकाळी तिने कॅमेरा फिरवून पलंगाखालची जागासुद्धा दाखवली. दार लावताना म्हणाली, "आई, दोन तास उघडू नका. अगदी आग लागली तरच."

मला ऐकू येतं आणि समजतंही. तरी मी दार उघडलं.

आमच्याकडे परीक्षेला निघणाऱ्याच्या हातावर उंबऱ्यात दहीसाखर घालतात. माझ्या आईने माझ्या हातावर घातली, मी सुमेधच्या. प्रणिताच्या इंग्रजीच्या परीक्षेला पहिल्यांदा दहीसाखर राहिली, आणि ती नापास झाली. दुसऱ्यांदा मी घातली, पास झाली. मी शिकलेली बाई आहे, यात काही नसतं हे मला समजतं. पण त्या दिवशी ती कुठे निघालीच नाही. उंबरा ओलांडलाच नाही, म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही. सव्वादहाच्या सुमारास दूध काढायला फ्रिज उघडला आणि समोर दह्याची वाटी दिसली.  पाच-सहा मिनिटं मी तिथेच उभी होते. मनात आलं, हळूच दार लोटू, हातावर घालू, शब्द न बोलता मागे फिरू. दुसरं माणूस नको म्हणजे परकं माणूस नको, मी तर घरातलीच. हा विचार मला तेव्हा अगदी सरळ वाटला, हेच आता सगळ्यात भयंकर वाटतं.

मी आत गेले तेव्हा प्रणिता पडद्याकडे बघत होती. तिने मान वळवली नाही. सवयीने उजवा तळवा पुढे केला, बारा वर्षं करते तसा. मी दही घातलं. आणि तोंडून निघून गेलं, "दही घे. शून्य नीट बघ." तिने दही चाटलं, टाइप केलं, आणि मग तिचे खांदे एकदम ताठ झाले. कॉम्प्युटरमधून एका पुरुषाचा आवाज आला. खोलीत कोण आहे, असं तो शांतपणे विचारत होता. मग त्याने तिला हात टेबलावर ठेवायला सांगितलं. तिने ठेवले. उजव्या तळव्याला दही लागलेलं होतं.

 पडदा काळा झाल्यावर तिने उठून हात धुतला आणि दुपारच्या पाळीसाठी युनिफॉर्म इस्त्री करायला घेतला, जी पाळी त्या दिवशी नव्हतीच.

गुरुवारी संस्थेचं पत्र आलं. परीक्षेच्या वेळी दुसरी व्यक्ती खोलीत आली आणि दुसऱ्या भाषेत काही बोलली, ध्वनिमुद्रण मराठी जाणणाऱ्या तटस्थ माणसाकडे पाठवलं आहे, विद्यार्थिनीने आणि त्या व्यक्तीने पाच कामाच्या दिवसांत वेगवेगळं लेखी निवेदन द्यावं. मदत मिळाल्याचं सिद्ध झालं तर अभ्यासक्रमातून काढण्यात येईल आणि नोंदणी करणाऱ्या मंडळाला कळवण्यात येईल. म्हणजे नुसती पुढची नोंदणी नाही, हातात असलेली एनरोल्ड नर्सची नोंदणीसुद्धा धोक्यात. मी पत्र तीनदा वाचलं. माझं इंग्रजी पक्कं आहे; त्यात दुसरा अर्थ सापडला नाही.

सुमेधने ऑफिसातून कुठूनतरी अशा चौकशांची माहिती काढली. संध्याकाळी तो माझ्याजवळ बसला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आई, तू दही घे एवढंच म्हणालीस. हीटर चालू होता, बाहेर वारा होता. पुढचं कुणाला ऐकू आलं नसणार."

मी म्हटलं, "मी म्हणाले आहे."

"ते तुला माहीत. त्यांना धार्मिक प्रथा म्हणून दही समजेल. शून्य नाही समजणार."

तो चुकीचं बोलत होता असं मला तेव्हा वाटलं नाही. मी निवेदन लिहायला घेतलं. सुंदर इंग्रजीत, तीन परिच्छेद. पहिल्यात माझं वय, दुसऱ्यात प्रथा, तिसऱ्यात क्षमायाचना. शून्याचा उल्लेख नाही. मग डायरी उघडून बुधवारचं पान बघितलं. ते तीन शब्दांचं वाक्य नसतं तर पान किती बरं दिसलं असतं. रेघ मारली तरी खालचं वाचता येणार. फाडलं तर शिवणीत कागदाची कड राहणार. डायरी मागेल कोण? कुणीच नाही. तरी मी ती कपाटात साड्यांच्या खाली ठेवली, चोरीचा माल ठेवावा तशी.

ते चार दिवस मी फोन वाजला की दचकत होते. दारावरचं टपाल बघायला जायचं धाडस होईना. गार्गीने सुमेधला विचारलं, "इज आजी बॅन्ड?" त्याने तिला गप्प केलं. मग ती माझ्या मांडीला टेकून म्हणाली, "इट्स ओके आजी, यू वर जस्ट बीइंग आजी." मला ते सांत्वन वाटलं नाही. तेच तर मी झाले होते.

आणि एक भीती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. आत गेले तेव्हा पडद्यावर आकडे होते, ते मला दिसले होते. ते मी वाचले का? वाचून बोलले, की नुसत्या सवयीने? मी मनातल्या मनात ते दार पुन्हा पुन्हा उघडलं, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं.

मंगळवारी प्रणिता पाळीवरून आली तेव्हा मी तिला निवेदन वाचायला दिलं. त्या बुधवारनंतर आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर बसलो होतो. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं, जसं मी शिकवलं होतं. मग कागद खाली ठेवला.

"आई, तुम्ही आणखी काहीतरी म्हणाला होतात."

"तुला ऐकू आलं?"

"आलं. मी नुसतं टिंब देऊन पाच टाइप केलं होतं. तुम्ही बोललात आणि मी मागे जाऊन शून्य घातलं."

 चार दिवस मी मला कशाची भीती वाटते याचा हिशोब करत होते, आणि हे त्यात कुठेच नव्हतं. मदत झाली होती. खरोखरीची, मोजता येईल अशी मदत.

मी म्हटलं, "हे त्यांना माहीत नाही गं."

"मला माहीत आहे ना." तिने टेबलक्लॉथवरची सुरकुती सरळ केली. मग तिने मला वृद्धाश्रमातली एक गोष्ट सांगितली, जी तिने घरात कुणालाच सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी तिने एका आजोबांच्या गोळ्या शेजारच्या पलंगावरच्यांना दिल्या. कुणी बघितलं नव्हतं. ती सरळ जाऊन रजिस्टर्ड नर्सला सांगून आली, डॉक्टरांना फोन केला, चार तास त्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसून दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब घेतला. काही झालं नाही. "आमच्यात औषध चुकलं की आधी सांगायचं, रडायचं नंतर. न सांगणाऱ्या बाईच्या हातून पुढची गोळी कोण घेईल?"

"पण तुझी नोंदणी गेली तर?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. थकून.

"मला पुरती नर्स व्हायचंय, आई. अशी नाही."

पुरती. तो शब्द तिने चौदा वर्षं जपून ठेवला होता, आणि मला दुखवायला वापरला नाही, कामाला वापरला.  मी जुना कागद घेतला, तिसऱ्या परिच्छेदावर एकेरी रेघ मारली, आणि शून्याचं वाक्य मराठीत जसंच्या तसं, खाली इंग्रजीत, असं लिहिलं. तिने तिचं वेगळं लिहिलं. तिच्या इंग्रजीतल्या दोन चुका मला दिसल्या. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत.

सुमेध त्या दिवशी आमच्या दोघींवर चिडला. म्हणाला, घरात दोन हरिश्चंद्र आहेत हे त्याला माहीत नव्हतं. मग रागारागात जेवणाची भांडीही त्यानेच घासली.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरवरून चौकशी झाली. समितीत दोघीजणी. एकीने "किआ ओरा", हा इथला माओरी नमस्कार, म्हणून सुरुवात केली, पण ती हसली नाही. प्रणिताला अर्धा तास विचारलं, मला दहा मिनिटं. दह्याबद्दल विचारलं, साखर कशाला तेही विचारलं. मग त्या बाईंनी मला विचारलं, पडद्यावरचा प्रश्न दिसला होता का.  मी म्हणाले, आकडे दिसले होते. वाचले की नाही हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या पेनाचा आवाज मला ऐकू येत होता.

नऊ दिवसांनी निर्णय आला. हेतुपुरस्सर गैरप्रकार नाही. दोन्ही निवेदनं तटस्थ भाषांतराशी जुळतात. याचा अर्थ आम्हा तिघांना एकदमच कळला: शून्य त्यांना ऐकू आलं होतं. हीटरने आणि वाऱ्याने काहीही झाकलं नव्हतं. सुमेधने पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

पेपर मात्र रद्द. नवा पेपर वेलिंग्टनच्या केंद्रात जाऊन, समोर पर्यवेक्षक असताना, एकदाच. त्यात हिशोबाचं एक उत्तर चुकलं तर अभ्यासक्रम संपला. जुलैची सरकारी परीक्षा हुकली, पुढची नोव्हेंबरमध्ये. वृद्धाश्रमाने जागा तोवर राखायची की नाही ते सांगितलं नाही.

त्यानंतर मी तिला गणितं घातली नाहीत. तिने दोनदा वही आणली, दोनदा मी पोळ्या लाटायचं निमित्त केलं. माझा आवाज तिच्या कानात राहू नये असं मला वाटत होतं. ती एकटीच सोडवायची, आणि मी ओट्याशी तिच्याकडे पाठ करून उभी राहायची, बोलायचं नाही म्हणून ओठ मिटून.

५ ऑगस्टला मंगळवारी सकाळी ती कोट घालून दारात उभी राहिली. मी मुद्दाम आत होते. तिने हाक मारली.

"आई, दही."

"नको गं."

"आज मी घराबाहेर जातेय. द्या."

मी वाटी आणली. घाईत थोडी साखर पायपुसण्यावर सांडली. तिने तळवा पुढे केला, चाटला, तरी निघेना.

"काही म्हणणार नाही?"

"नाही."

"म्हणा की. इथे कॅमेरा नाही."

मला ते मोठ्याने म्हणता आलं नाही. तिच्या कोटाचं वरचं बटण लावताना पुटपुटले. तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे. मान हलवून ती पावसात उतरली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दार उघडं धरून होते. घर गार पडलं.

निकालाला नऊ दिवस लागले. ते मी दिवस म्हणून जगले नाही. कपडे वाळत घातले, काढले, घड्या केल्या. वर्तमानपत्र वाचलं आणि काय वाचलं ते आठवेना. १४ तारखेला दुपारी पावणेदोनला तिचा फोन आला, वृद्धाश्रमाच्या गाड्या लावायच्या जागेतून.  मी खुर्चीवर बसले. म्हटलं, सांग.

"पास. हिशोब सगळे बरोबर, आई."

मी म्हटलं, बरं झालं.  तिने सांगितलं की तिथल्या मेट्रनने नोव्हेंबरपर्यंत जागा धरून ठेवायचं कबूल केलं आहे, पुढचं पुढे. मग तिला आतून कुणीतरी बोलावलं आणि तिने फोन ठेवला.

नोव्हेंबरची परीक्षा राहिली आहे. ती सगळ्यात मोठी, केंद्रात जाऊन द्यायची. भीती गेलेली नाही. फक्त पुढच्या तारखेला सरकली आहे. त्या संध्याकाळी मी साड्यांच्या खालून डायरी काढली, नेहमीच्या जागी टेबलावर ठेवली, आणि वेळ, फोन, पाऊस, सगळं लिहून झाल्यावर शेवटी लिहिलं:

विरजणाला दोन चमचे दही बाजूला काढलं. भांडं टॉवेलात गुंडाळून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवलं आहे.